चार माणसं आणि एक ठरलेली वेळ: व्यसन किंवा डिप्रेशनमधून सावरणाऱ्यांचा सपोर्ट ग्रुप सुरू करायचाय त्यांच्यासाठी

मी सुरू केलेला पहिला ग्रुप सात महिन्यांत बंद पडला. माणसं चांगली होती, नेमाने येत होती, पण हॉलची किल्ली माझ्याकडे, सगळ्यांचे नंबर माझ्याकडे, मीटिंग घेणारा मीच आणि रात्री अकराला कुणाला तलफ आली की फोनही मलाच. मग माझं जुनं डिप्रेशन परत उसळलं आणि तीन आठवडे मी अंथरुणातून उठलो नाही. लोक दोनदा येऊन बंद दाराशी थांबून परत गेले, तिसऱ्या आठवड्यात कुणी आलंच नाही. त्यातला एक जण दहा महिने दारूला शिवला नव्हता, तो परत प्यायला लागला. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

दुसरा ग्रुप आता सहा वर्षं चालूय. त्यात काय वेगळं केलं ते लिहितोय, कारण बरेच जण विचारतात की मला पण आमच्याकडे असं काही सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही. व्यसन आणि डिप्रेशन दोन्ही अंगावर काढलेला माणूस आहे.

आधी हे समजून घ्या की ग्रुप म्हणजे काय

ग्रुप म्हणजे उपचार नाही. गोळ्या, डिटॉक्स (शरीरातून नशा उतरवायचा उपचार), थेरपी हे सगळं त्यातल्या जाणकारांचं काम. ग्रुपमध्ये फक्त एवढंच असतं की ज्याने हे भोगलंय तो, ज्याला आत्ता हे भोगावं लागतंय त्याच्या शेजारी बसतो. आणि यात फायदा दोघांचा असतो, हे नवीन लोकांच्या लवकर लक्षात येत नाही.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना) सुरुवात बघा. 1935 च्या मे महिन्यात, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात धंद्याच्या कामासाठी गेला होता, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा, समोर बार. त्याआधीचे काही महिने तो कितीतरी दारुड्यांना सुधारायला गेला होता आणि त्यातला एकही सुधारला नव्हता, पण त्या सगळ्या खटाटोपात तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. म्हणून त्या दिवशी त्याने फोन फिरवून फिरवून दुसरा दारू पिणारा माणूस शोधला, आणि तो शोधला स्वतःला वाचवायला. तो माणूस म्हणजे सर्जन असलेला डॉक्टर बॉब स्मिथ. 'मी तुला सुधारतो' हा सूर गेला आणि 'मला तुझी गरज आहे' हा सूर आला तेव्हा कुठे ते जमलं. पुढे 1965 मध्ये फ्रँक रीसमन या समाजशास्त्रज्ञाने याच गोष्टीवर लिहिलं, की मदत करणाऱ्यालाच मदतीचा मोठा फायदा होतो.

याचा उपयोग होतो का, असं घरचे विचारतात. दारूच्या बाबतीत 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा एक मोठा आढावा आला, 27 अभ्यास आणि 10,565 माणसं, आणि त्यात दिसलं की एए आणि माणसाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार हे सलग दारूपासून लांब राहण्यात सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) दुसऱ्या उपचारांपेक्षा सरस ठरतात. मानसिक आजारांच्या ग्रुप्सबाबत इतकं ठाम बोलता येत नाही. तिथे माणसाची उमेद वाढते, आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटायला लागतं, पण आजाराची लक्षणं ग्रुपने कमी होतील असं कुणाला सांगू नका.

स्वतः कुठे उभे आहात ते बघा

दारू सोडून तीन आठवडे झाले आणि लगेच ग्रुप काढायचा असं करू नका. उत्साह खरा असतो, मला मान्य आहे, पण त्या काळात तुम्हालाच कुणीतरी धरून ठेवायची गरज असते. आधी दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये जाऊन गुपचूप बसा, आणि एकाच ठिकाणी नाही, तीनचार वेगवेगळ्या. एएच्या ओपन मीटिंगला कुणीही जाऊ शकतं. ड्रग्जसाठी नार्कोटिक्स अॅनॉनिमस आहे, ते 1953 पासून. देवाची भाषा ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी 1994 पासून स्मार्ट रिकव्हरी आहे, त्यांचा भर विचार आणि सवयी बदलण्यावर. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अॅनॉन. यातलं बरंच ऑनलाइनही मिळतं. कुठे बसून तुम्हाला मोकळं वाटलं आणि कुठे आक्रसून गेलात, कशामुळे, हे घरी येऊन लिहून ठेवा. तुमच्या ग्रुपची अर्धी नियमावली त्या वहीतून निघेल.

आणि तुमच्या जवळच चांगला ग्रुप चालू असेल तर नवीन काढायचा हट्ट कशाला, त्यातच हात द्या.

दुसरा माणूस मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नका

ही पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती. जागा, नाव, पोस्टर हे सगळं नंतर. आधी एक जोडीदार शोधा जो तुमच्याइतकाच जबाबदार असेल, तुमचा मदतनीस नाही, बरोबरीचा. तिसरा मिळाला तर उत्तम. किल्ली तिघांकडे, नंबरांची वही दोघांकडे, आणि पहिल्या महिन्यापासूनच मीटिंग आलटून पालटून घ्यायची. एकाला बोलता छान येतं म्हणून तोच दर वेळी घेतोय असं होऊ देऊ नका. अडखळत घेणाऱ्याची मीटिंग बघून तर नवीन माणसाला वाटतं की हे मलाही जमेल.

कुणासाठी आहे तेही तिघांनी बसून एका वाक्यात लिहा. फक्त व्यसन, फक्त डिप्रेशन आणि अँग्झायटी, की दोन्ही. आमचा दोन्हीचा आहे कारण आमच्यातल्या बहुतेकांना दोन्ही आहे, बिल विल्सनलाही दारू सुटल्यावर कित्येक वर्षं डिप्रेशन होतंच. पण दोन्ही एकत्र घेतलं की एक वाद हमखास येतो. कुणीतरी जुना माणूस म्हणतो, 'गोळ्या म्हणजे पण नशाच की, त्या पण सोड.' हे वाक्य ग्रुपमध्ये एकदाही खपवून घेऊ नका. औषधांचा निर्णय तो माणूस आणि त्याचा डॉक्टर, बस. एएचं स्वतःचं म्हणणंसुद्धा हेच आहे की सदस्याने डॉक्टर बनायला जाऊ नये.

घरच्यांना मात्र वेगळी खोली आणि वेगळी वेळ. बायको समोर बसलेली असताना नवरा खरं बोलत नाही, आणि नवरा समोर असताना ती पण बोलत नाही.

जागा आणि वेळ

वार, वेळ, जागा, तिन्ही पक्कं. 'या आठवड्यात मंगळवारऐवजी गुरुवारी घेऊ' असं दोनदा झालं की ग्रुप विस्कटतो, कारण ज्याची हालत वाईट असते त्याला मेसेज वाचायचंही त्राण नसतं, त्याला फक्त एवढंच लक्षात असतं की मंगळवारी सात वाजता तिथे कुणीतरी असतं.

खोली साधी चालेल. आतलं बोलणं बाहेर ऐकू जायला नको, दारावर मोठी पाटी नको, खुर्च्या गोलात, आणि दाराजवळची एक खुर्ची कायम रिकामी. ती उशिरा येणाऱ्यासाठी, आणि ज्याला मधेच उठून जावंसं वाटेल त्याच्यासाठी. आमच्याकडे एक मुलगा पहिले चार आठवडे त्याच खुर्चीवर बसला, हेल्मेट मांडीवर घट्ट धरून, एक शब्द बोलला नाही. पाचव्या आठवड्यात त्याने हेल्मेट खाली ठेवलं, आणि आम्ही कुणी त्यावर काही म्हणालो नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल जरा जपून. ग्रुपमध्ये घेतलं की प्रत्येकाचा नंबर आणि बहुतेक वेळा फोटोही सगळ्यांना दिसतो, म्हणजे अनामिकता तिथेच संपली. म्हणून आधी प्रत्येकाला एकट्याला विचारा, नको म्हणाला तर त्याला वेगळा मेसेज पाठवा. ग्रुपचं नाव 'व्यसनमुक्ती' असं काही ठेवू नका. एका ताईचा फोन ऑफिसच्या टेबलावर उलटा ठेवायचा राहिला आणि स्क्रीनवर नाव आणि मेसेज दोन्ही झळकले, शेजारच्याने वाचले. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपचं नाव 'मंगळवार' आहे. ऑनलाइन मीटिंग असेल तर इयरफोन सक्तीचे, रेकॉर्डिंग बंद, कॅमेरा ऐच्छिक.

नियम थोडे ठेवा, पण दर वेळी मोठ्याने वाचा

एका कागदावर मावतील एवढेच. आमचे असे आहेत:

- इथलं बोलणं इथेच राहतं. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका असेल तर आम्ही मदत बोलावतो, आणि हे आम्ही आत्ताच सांगतोय.
- बोललंच पाहिजे असं नाही. 'आज नको' म्हटलं की पुढचा.
- न विचारता सल्ला द्यायचा नाही. मधे तोडायचं नाही.
- कशाने नशा केली, किती केली, स्वतःला इजा कशी केली याचं वर्णन नाही. काय वाटलं ते बोला.
- पिऊन आलात तर बसू शकता, ऐकू शकता, पण बोलणं पुढच्या वेळी. जाताना गाडी चालवायची नाही, कुणीतरी सोडायला येईल.
- आपापसात पैसे उधार घ्यायचे-द्यायचे नाहीत.
- नवीन आलेल्या माणसाशी प्रेमाबिमाच्या भानगडीत पडायचं नाही.

शेवटचे दोन लोकांना जरा लागतात. लागू देत. उधारीवरून माणूस तोंड चुकवायला लागतो आणि त्या पाचशे-हजारापायी मीटिंगच सोडतो. आणि जो नुकताच सावरतोय त्याला जरा कुणी मायेने बोललं की तो सगळा भार तिथे टाकतो, मग ते नातं मोडलं की तोही सोबतच मोडतो.

मीटिंग प्रत्यक्ष कशी घ्यायची

दीड तास पुरतो. आठ-दहा माणसं छान, बाराच्या वर गेलात की दोन गोल करा, नाहीतर शेवटच्याची पाळी येईपर्यंत सगळे थकलेले असतात. सुरुवातीला नियम वाचायचे, मग एक छोटा फेरा, प्रत्येकाने एक-दोन मिनिटं, नाव (खोटं असलं तरी चालेल) आणि आजचा दिवस कसा आहे. मग मुख्य शेअरिंग, प्रत्येकाला पाच-सहा मिनिटं, घड्याळ एकाने बघायचं. शेवटी परत फेरा, आणि त्यात एकच प्रश्न, पुढचे चोवीस तास कसे काढणार आहात. आठवडा नाही विचारायचा, आयुष्य तर नाहीच. चोवीस तास.

मीटिंग घेणाऱ्याचं खरं काम म्हणजे गप्प बसणं, आणि ते सगळ्यात अवघड. कुणी रडायला लागलं की लगेच टिश्यू पुढे करायची, पाठीवर हात ठेवायची घाई होते. थांबा. बऱ्याचदा ती घाई आपल्याला सहन होत नाही म्हणून असते, आणि समोरच्याला असं वाटतं की मी आता आवरायला पाहिजे. पाणी जवळ ठेवा आणि बसून राहा.

सल्ल्याचं उदाहरण देतो. एक काका म्हणाले, 'मुलगा माझ्याशी बोलत नाही, चार वर्षं झाली.' आमच्यातला एक पटकन म्हणाला, 'काका, तुम्ही सरळ जाऊन माफी मागा ना.' काका गप्पच झाले, कारण माफी त्यांनी तीनदा मागितली होती. त्याच जागी दुसरी एक ताई पुढच्या मीटिंगला म्हणाली, 'माझी मुलगी पण दोन वर्षं बोलत नव्हती काका, मी रोज तिच्या नंबरकडे बघत बसायचे.' आणि मग काका वीस मिनिटं बोलले, आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं. 'तुम्ही असं करा' याच्याऐवजी 'माझं असं झालं'. नवीन माणसाला हे एवढंच शिकवा. अगदीच राहवत नसेल तर आधी विचारा, 'सल्ला हवाय की नुसतं ऐकू?'

कुणाला आवाज ऐकू येत असतील तर ते खरे की खोटे यावर वाद घालू नका. नेदरलँड्समध्ये मारियस रोम या सायकिअॅट्रिस्टने 1987 मध्ये आपल्या पेशंटसोबत, पॅट्सी हाख तिचं नाव, टीव्हीवर येऊन आवाज ऐकणाऱ्यांना संपर्क करायला सांगितलं आणि शेकडो फोन आले, त्यातले कितीतरी जण त्या आवाजांसोबत नीट जगत होते. तिथूनच आवाज ऐकणाऱ्यांचे ग्रुप सुरू झाले. तिथे विचारतात की आवाज काय म्हणतो, कधी येतो, तू काय करतोस. आपणही तेवढंच विचारावं.

दोन मीटिंगच्या मधले सहा दिवस

माणूस मीटिंगमध्ये घसरत नाही, मधल्या दिवसांत घसरतो. म्हणून नवीन माणसाला निघताना तीन नंबर द्या, एक नाही. आणि त्याला सांगा की उद्या काही काम नसताना एक फोन कर, नुसता, कसा आहेस विचारायला. कारण ज्याने बऱ्या दिवशी कधी फोन केला नाही तो वाईट दिवशी करत नाही, त्याचा हात उचलतच नाही.

तलफेचा फोन आला तर भाषण देऊ नका. आधी विचारा कुठे आहेस, सोबत कोण आहे, जेवलास का, शेवटचं कधी झोपलास. भूक, राग, एकटेपणा, थकवा, तलफेच्या मुळाशी यातलं काहीतरी बऱ्याचदा सापडतं. मग म्हणायचं की वीस मिनिटं माझ्याशी बोलत चाल, त्या जागेवरून बाहेर पड. तलफ लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते, ती ओसरेपर्यंत सोबत राहायचं एवढंच.

आणि फोन घेणाऱ्यांनी आपापले वार वाटून घ्यावेत. तुमची पाळी नसेल त्या रात्री फोन बंद करून झोपा, मनापासून सांगतोय.

इथे ग्रुप पुरत नाही

हा भाग लक्ष देऊन वाचा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला 'आजपासून एकदम बंद कर' असं सांगू नका. शरीराला दारूची सवय झालेली असते आणि ती अचानक थांबली की साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, प्रचंड थरथर, आणि यात माणूस दगावू शकतो. झोपेच्या, अँग्झायटीच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

हेरॉइनसारख्या नशेत धोका उलट बाजूने येतो. काही आठवडे सोडली की शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि मग परत घेताना माणूस जुनाच डोस घेतो आणि श्वास थांबतो. पुनर्वसन केंद्रातून किंवा जेलमधून बाहेर पडल्यावरचे पहिले दिवस म्हणूनच सगळ्यात घातक. हे त्याला तोंडावर सांगा, लाजू नका. तुमच्याकडे नॅलोक्सोन (अशा नशेचा डोस जास्त झाला तर त्यावर उतारा म्हणून देतात ते औषध) मिळत असेल तर ते कसं द्यायचं हे दोघातिघांनी शिकून घ्या.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?' याच शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाला तर पुढे विचारा की कसं, कधी ठरवलंयस का, साधन जवळ आहे का. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, साधन लांब करायचं, हेल्पलाइन किंवा हॉस्पिटल, आणि घरच्या एका माणसाला कळवायचं. तुमच्या भागातले हे नंबर पहिल्या मीटिंगच्या आधी स्वतः लावून बघा, लागतात का, कोण उचलतं, आणि मग कागदावर लिहून भिंतीला लावा.

कुणी परत प्यायलं तर

होणार. पहिल्या वर्षात नक्की होणार, तुमच्याच लाडक्या माणसाचं होणार, आणि त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर काय दिसतं यावर तो परत येईल का हे बरंचसं ठरतं. डॉक्टर बॉबसुद्धा बिलला भेटल्यानंतर एकदा एका वैद्यकीय अधिवेशनाला गेला आणि तिथे पिऊन आला. परत आल्यावर त्याला सावरलं, आणि त्याने शेवटची दारू घेतली तो 10 जून 1935 हा दिवस एएचा स्थापना दिवस मानतात.

तर दार उघडा, 'बरं झालं आलास' म्हणा, आणि त्याची नेहमीची खुर्ची द्या. चौकशी नको. सगळ्यांसमोर 'किती महिने झाले होते रे' तर अजिबातच नको. आम्ही महिने मोजतो, टाळ्याही वाजवतो, पण नव्याने एक दिवस झाला म्हणणाऱ्याला टाळ्या जास्त वाजतात.

पैसे आणि पदं

खर्च कमी ठेवा म्हणजे कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. आम्ही शेवटी एक डबा फिरवतो, ज्याला जमेल त्याने टाकायचं, नसेल तर पुढे द्यायचा, हिशोब महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर वाचायचा. बाहेरची देणगी न घेणं हे एएच्या बारा परंपरांपैकी (म्हणजे ग्रुप चालवायच्या तत्त्वांपैकी) एक आहे, 1950 मध्ये त्यांनी त्या स्वीकारल्या, आणि मला ते पटतं कारण देणगीदार आला की त्याच्यासोबत फोटो आणि भाषणंही येतात.

अध्यक्ष वगैरे नेमू नका. कामं वाटा, खुर्च्या लावणारा, घड्याळ बघणारा, नवीन माणसाला दारात भेटणारा, हिशोब ठेवणारा, आणि दर तीन महिन्यांनी बदला. दारात भेटायचं काम नुकतेच दोन-तीन महिने झालेल्याला द्या. त्याला अजून ती भीती ताजी आठवत असते, बाहेर गाडी लावून आत यावं की न यावं म्हणून बसून राहण्याची.

पहिल्या काही मीटिंगला कुणी आलं नाही तरी तुम्ही दोघं-तिघं पूर्ण दीड तास बसा, नियम वाचा, फेरा घ्या, आपलंच शेअरिंग करा. लवकर कुलूप लावून निघू नका. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात सव्वाआठला एक जण आला, संपायला पंधरा मिनिटं होती.

मागच्या पावसाळ्यात माझं डिप्रेशन परत आलं आणि मी पाच आठवडे गेलो नाही. मंगळवारी सात वाजता दार हेल्मेटवाल्या मुलाने उघडलं, त्याच्याकडे आता एक किल्ली असते. सहाव्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मीटिंग सुरू झाली होती, आणि मी दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीत बसलो.